थोरलीचा घेर

"पोचला का हात?" खोडाच्या पलीकडून नवऱ्याने विचारलं.

"पोचला असता तर सांगितलं नसतं का?" टेपवाली म्हणाली आणि शिडीवर टाचा उंचावून तिने गाल सालीला टेकवला.

जंगलातली मोठी झाडं दर काही वर्षांनी मोजायची, कोण वाढलं, कोण खंगलं ते बघायचं, हे दोघांचं जन्माचं काम. या झाडाला ते थोरली म्हणत. तिची मुळं भिंतीसारखी उभी, म्हणून त्यांच्या वर घेर मोजायला दोन बाजूंनी शिड्या लावायच्या आणि टेपचं टोक खोडामागून, न बघता, एकमेकांच्या हातात द्यायचं.

पहिल्याच वर्षी या बाबाने टेपबरोबर तिची बोटंही धरून ठेवली होती. "टेप घ्या, हात नको," ती इकडून कडाडली होती. पुढे लग्न झालं, पोरं झाली, भांडणं तर पाचवीलाच पुजलेली. पण अबोला कितीही ताणलेला असो, थोरलीपाशी बोटांना बोटं लागली की तो सुटायचा.

आज निवृत्तीआधीची तिची शेवटची फेरी. यापुढे खोडाला पोलादी पट्टा बसणार आणि झाड फुगेल तसा तो पट्टाच आकडा दाखवणार. पट्टा घेऊन तरुण इंजिनियर खाली उभाही होता. म्हणून ती बोटं तिला आज एकदा हवी होती. पण हे तोंडाने सांगणार कसं?

"अहो, खांदा आखडलाय तुमचा. जरा रेटा."

"खांदा धडधाकट आहे. तुझ्या थोरलीचंच अंग सुटलंय."

दोघांनी पुन्हा जोर लावला. तिच्या बाहीत मुंग्या शिरल्या. बोटं सालीवर चाचपडत राहिली.

"मावशी, वाकड्या टोकाची काठी देऊ?" इंजिनियरने विचारलं.

"दे बाबा," ती म्हणाली आणि काठीसाठी हात खाली केला.

काठीने टोक ओढून घेतलं, टेप सरळ केली, आकडा वाचला. गेल्या खेपेपेक्षा चांगलाच वाढलेला. एवढं वय झालं तरी बाई अंगाने भरतेच आहे. पोरीने बाळसं धरलं म्हणून कुणी रडतं का, असं स्वतःला बजावता बजावता टेपवालीला हसूच फुटलं.

ती उतरली तेव्हा नवरा तिच्या शिडीपाशी हात पसरून उभा होता.

"आण ती टेप, गुंडाळतो."

तिने टेप इंजिनियरकडे दिली आणि त्या पसरलेल्या हातात आपला हात ठेवला. नवऱ्याने एकवार पोराकडे पाहिलं, पण हात सोडला नाही. इंजिनियर लगबगीने पट्ट्याचे स्क्रू शोधायला लागला.

गाडीपर्यंतची पायवाट एकाच माणसापुरती होती. दोघं तिच्यावरून शेजारी शेजारी चालत गेले.