हात न लावता

आमच्या ह्यांना हात न लावता माणूस पाडता येतो, हे सौदीतल्या राबिघच्या आमच्या कॉलनीत सगळ्यांना मान्य होतं. मला सोडून. मी काही ह्यांच्या हाताखाली नोकरीला नव्हते.

त्याचं असं झालं. रिफायनरी दुरुस्तीसाठी बंद ठेवतात, त्या शटडाउनला आलेला एक चिनी फोरमन संध्याकाळी पार्किंगमध्ये ताई-ची करायचा. आमचे हे, म्हणजे राजाभाऊ, मेंटेनन्सचे मॅनेजर, त्याच्याकडे शिकायला लागले. हातपाय हलतात, पोट कमी होतं, माझी काही ना नव्हती. पण जाताना त्यानं सांगितलं म्हणे, की पोटात एक शक्ती साठते, तिला 'ची' म्हणतात, आणि मुरलेला माणूस ती तळहातातून बाहेर सोडतो. झालं! फोरमन गेला आणि हे गुरू झाले.

दर शुक्रवारी संध्याकाळी हॉलमध्ये मॅट अंथरायच्या आणि ह्यांच्या खात्यातली पोरं रांगेत उभी राहायची. पहिला पडला तो धोंडीराम. बहिणीचं लग्न तोंडावर आलेलं, सुट्टी ह्यांच्या टेबलावर अडकलेली. ह्यांनी लांबून तळहात पुढे केला आणि धोंडीराम धाडकन उताणा! रविवारी ऑफिस उघडलं, सुट्टी मंजूर. मग काय, जो तो पडायला लागला. गिरीश तर कोलांट्या मारत भिंतीपर्यंत जायचा. दिवाळीची सुट्टी दर वर्षी त्यालाच मिळायची.

"अहो, तुम्ही साहेब आहात म्हणून पडतात ती," मी म्हणायचे.

"तुझा विश्वास नाही, म्हणून तुझ्यावर चालत नाही," हे म्हणायचे. स्वयंपाकघरात माझ्यावरही प्रयोग करून झाला होता. मी पोळ्या लाटत होते, लाटतच राहिले.

चालू दे नाटक, म्हणून मी गप्प बसले असते. पण ह्यांना जिन्यात धाप लागायला लागली. जेद्दाच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाच्या नळ्या तुंबल्यात, बायपास करा, उशीर नको. हे हसले.

"जी शक्ती गिरीशला भिंतीपर्यंत फेकते, ती माझ्या छातीतल्या नळ्या मोकळ्या करणार नाही?"

गोळ्यासुद्धा बंद केल्या. मी रडले, भांडले, जेवण टाकलं. काही उपयोग नाही. इतका संताप व्हायचा, वाटायचं त्या गिरीशच्या कानाखाली जाळ काढावा. आणि रात्री ह्यांचा श्वास ऐकत पडले की नुसती भीती वाटायची.

तेवढ्यात ह्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं. जागेवर विनय आला, सुट्ट्या त्याच्या हातात गेल्या. गिरीश शुक्रवारच्या निरोपसमारंभाचं आमंत्रण द्यायला घरी आला, तेव्हा मी त्याला चहा दिला आणि सरळ म्हटलं, "आता सुट्ट्या विनय देणार ना? मग शुक्रवारी कुणी पडू नका."

"वहिनी, शेवटच्या दिवशी? बरं दिसेल का ते?"

"साहेब ऑपरेशनला नाही म्हणतायत. तुमच्या कोलांट्यांमुळे मरतील ते. आणि तुझी कंबर दुखत नाही का रे?"

हसला मेला. तो हसला तिथेच मला कळलं, की हे काम होणार.

शुक्रवारी हॉल भरलेला. बायका, पोरं, सगळ्यांचे मोबाइल वर. हे मी इस्त्री केलेल्या पांढऱ्या कपड्यांत मॅटवर आले. गिरीश समोर. ह्यांनी तळहात पुढे केला. गिरीश उभाच. परत केला. गिरीशनं कान खाजवला.

"सर, आज एसीचा वारा उलटा आहे बहुतेक."

हशा पिकला. मग धोंडीराम आला आणि हाताची घडी घालून उभा राहिला. "सर, जरा जोरात." मग तिसरा आला, मग चौथा. आजवरच्या प्रत्येक पडण्याचा सूड घेत होती मेली पोरं! पडू नका एवढंच मी सांगितलं होतं, हसा असं नव्हतं सांगितलं. विनय मागून ओरडला, "खलास, सर, खलास! बिर्याणी गार होतेय!"

हे थांबेनात. घामानं निथळत हात पुढे करत राहिले. मग छाती धरून खाली बसले आणि आडवे झाले.

"अरे, सर स्वतःच पडले!" कुणीतरी ओरडलं, आणि टाळ्या वाजल्या. टाळ्या थांबेपर्यंत मी त्यांच्यापाशी पोचले होते.

जेद्दाच्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन सकाळीच करायला हवं, सही लागेल. ह्यांनी पेन घेतलं नाही. माझ्याकडे बघत राहिले.

"मंजू, गिरीश थोडा तरी हलला होता ना गं? तू बघत होतीस."

मी एक हो म्हटलं असतं, तर ह्यांना किती बरं वाटलं असतं! आणि सही राहिली असती.

"नाही," मी म्हटलं. "कुणी हललं नाही. आजवर कधीच कुणी हललं नव्हतं. तुमच्यात तसलं काही नाही हो, काही म्हणजे काही नाही."

त्यांनी सलाइन लावलेला हात उचलला आणि तळहात माझ्याकडे केला. डोळे भरलेले. देवाशपथ सांगते, तिथल्या तिथे फरशीवर अंग टाकून द्यावंसं वाटलं मला. मी पाय रोवले. हात बराच वेळ तसाच होता. मी हलले नाही.

मग त्यांनी हात खाली घेतला आणि पेन मागितलं.