गाठीतले विरजण

मी एक जुना धागा आहे. कापसाचा नव्हे, मित्रांनो. मला पाहायला तुमचे डोळे पुरणार नाहीत. दुधाचे दही करणारे जे बारीक जिवाणू असतात, त्यांच्या आत गुणसूत्र नावाचा एक लांब धागा असतो. त्या धाग्यात घुसून बसलेला मी एक परका तुकडा आहे. मूळचा मी विषाणू. माझ्या कुण्या पूर्वजाने एका जिवाणूत शिरकाव केला आणि तिथेच मुक्काम ठोकला. जिवाणू एकाचे दोन झाले की माझीही नक्कल निघते. आयते बसून खायला मिळत होते, तक्रार कशाची करू?

आता बाहेर पडायचे कसे, तेही सांगतो, कारण पुढची सगळी हकिगत त्यावरच आहे. प्रथिने म्हणजे पेशीतले कामकरी. माझ्या कामाची तीन प्रथिने आहेत. एक राखणदार. ते मला गप्प बसवते, आणि बाहेरून माझा एखादा भाऊ आत आला तर त्यालाही डोके वर काढू देत नाही. दुसरे कारागीर. ते धागा कापते आणि जोडते. माझ्या पूर्वजाला त्यानेच आत बसवले. पण बाहेर काढणे मात्र त्याला एकट्याला जमत नाही. त्यासाठी तिसरे लागते, ते मदतनीस. आहे एवढेसे, पण ते धाग्याला असे वाकवते की माझी दोन्ही टोके समोरासमोर येतात. मग कारागीर कापते, माझी टोके जोडून माझे गोल कडे करते आणि जिवाणूचा धागाही पूर्वीसारखा सांधून देते. राखणदार जागेवर असेपर्यंत हे मदतनीस तयारच होत नाही. आणि एकदा सुटलो की आम्ही काही गुणाचे पाहुणे नाही. आपल्या ढीगभर नकला करतो आणि जिवाणू फोडून निघून जातो.

माझे बिऱ्हाड तापीकाठच्या एका गावात, दगूबाईंच्या दह्यात होते. दगूबाईंचे दही साऱ्या गल्लीत नावाजलेले. त्या दरवर्षी पुढच्या विरजणासाठी फडके दह्यात भिजवून वाळवून ठेवत आणि मुलीला, शोभाबाईला बजावत, "कपडाले गाठ मार, नी सावलीमा वाळाड." गाठ का, हे त्यांनाही सांगता आले नसते. त्यांच्या आईने मारली म्हणून त्या मारत.

सन साठ-बासष्टच्या सुमाराची गोष्ट. हिवाळ्यात दगूबाई वारल्या. उन्हाळ्यात शोभाबाईच्या भावाने म्हैस विकायला काढली. त्याच वेळी शोभाबाईच्या नवऱ्याला, भिलाला, खांडबाऱ्याच्या स्टेशनवर नोकरी लागली. शोभाबाई माहेरी आली तेव्हा मडक्याच्या तळाशी आईच्या विरजणाचे शेवटचे दही होते. बैलगाडीत आणि रेल्वेत दही हिंदकळले असते, म्हणून तिने फडके भिजवले. सवयीच्या हाताने टोकाला गाठही मारली. पण गाडी दुसऱ्या दिवशीची होती आणि फडके वाळायला हवे होते. तिने ते अंगणातल्या पऱ्हाट्यांच्या, कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, ढिगावर, वैशाखाच्या भर उन्हात पसरले.

ऊन जिवाणूंचा धागा ठिकठिकाणी बिघडवते. धागा बिघडला की राखणदार मोडून पडते. फडके वाळले तेव्हा सगळे जागच्या जागी थांबले. पण खांडबाऱ्याला शोभाबाईने गाठीचे टोक काठावर ठेवून उरलेले फडके कोमट दुधात सोडले, आणि थांबलेले काम पुढे सुरू झाले. मदतनीस तयार झाले. जिवाणू फोडून माझे भाऊ भराभर सुटले. सकाळी भांड्यात पातळ, वास मारणारे दूध होते.

शेजारच्या कमलबाई आल्या. "नजर लागनी व्हई. मन्हा घरनं विरजण लई जाय."

"तुन्हं दही चांगलं शे, जिजी," शोभाबाई म्हणाली. "पन ते मन्ही मायनं नई ना!"

"दही दहीच ऱ्हास. कसाले रडी ऱ्हायनी?" भिला म्हणाला. तो वाईट नव्हता. त्याला एवढेच कळत होते.

आईचे लुगडे बहिणीकडे गेले होते, भांडी भावाकडे. शोभाबाईकडे हेच आले होते, आणि तेही तिच्याच हाताने गेले. ती फडके चुलीत टाकायला उठली. टाकता टाकता बोटांना गाठ लागली.

मी त्या गाठीत होतो. तिथे ऊन पोचले नव्हते. तिने दातांनी गाठ सोडली. आत दह्याचे पांढरे कण होते.

मोरीत पाणी थोडेच होते. तिने तेच भांडे नुसते विसळले, नवे दूध ओतले आणि कण त्यात चुरले. भांड्याला माझे सुटलेले भाऊ अजून चिकटलेले होते. ते आमच्या जिवाणूंवर तुटून पडले, आत शिरलेही. पण आमचे राखणदार शाबूत होते. त्याने त्या भावांना तिथेच गप्प केले. जन्मभर मला कोंडून ठेवणाऱ्या त्या राखणदाराचा मला त्या दिवशी अभिमान वाटला.

दुसऱ्या सकाळी दही लागले होते. शोभाबाईने बोटभर चाखले आणि भिंतीला टेकून खाली बसली. "हाई मन्ही मायना हातनीच चव शे," ती म्हणाली. मग तिने एक वाटी भरली आणि आधी कमलबाईंकडे नेऊन दिली.

मित्रांनो, मी अजून त्या घरातच आहे, गुपचूप बसलेला. विरजणाचे फडके सावलीत वाळवा आणि टोकाला गाठ मारायला विसरू नका. उन्हाने आम्हाला उठवू नका. आम्ही बाहेर पडलो की कुणाची तरी आई दुसऱ्यांदा जाते.