न सरकलेला रोल

बेंगळुरात पोचल्यावर मी शिवाजीनगरातल्या लॉजवर पिशवी टाकली आणि तडक कब्बन पार्क गाठलं. सुखदाचे फोटो दुसऱ्या दिवशी, रविवारी काढायचे होते. पण आदल्या दिवशी जागा पाहिल्याशिवाय मी कॅमेऱ्याला हात लावत नाही, बावीस वर्षं हाच शिरस्ता आहे. निपाणीतल्या माझ्या स्टुडिओत ऊन मी दिवा लावून तयार करतो. इथे ते मिळेल तसं घ्यायचं होतं.

घड्याळ हातात धरून सगळी बाग पालथी घातली. बांबूच्या बेटात सात ते साडेसात ऊन तिरकं येतं, चेहऱ्याला चांगलं. आठला बागेलगतच्या हायकोर्टाची तांबडी भिंत मागे धरायची. नवानंतर डोळ्यांखाली सावल्या पडतात, तेव्हा मोठ्या झाडाखालचा बाक. सगळं वहीत लिहून काढलं. वॉचमनने दोनदा हटकलं, काय शोधताय म्हणून. मी कानडीत म्हटलं, "ऊन शोधतोय." त्याला मी खुळा वाटलो. वाटू दे.

एवढा आटापिटा कशासाठी, ते आधी सांगायला हवं. गेल्या मे महिन्यात, म्हणजे शहाण्णव साली, सुखदाचं लग्न निपाणीत झालं आणि फोटोग्राफर मी होतो. अंतरपाटापासून सप्तपदीपर्यंतचा सगळा विधी एका रोलवर घेतला, छत्तीस फोटो. कॅमेरा उघडला तर रोल होता तसाच डबीत. घाईत त्याचं टोक मी चक्रीत नीट अडकवलंच नव्हतं. वर आकडे सरकत होते, आत फिल्म जागची हलली नव्हती. शिकाऊ पोरगा करणार नाही अशी चूक.

आणि मी काय केलं? कोल्हापूरच्या लॅबने रोल खराब केला म्हणून सांगितलं. सगळ्यांनी विश्वास ठेवला. सुखदाचे वडील अप्पासाहेब उलट मलाच म्हणाले, "जाऊ द्या हो योगीराज, पोरगी सुखात आहे ना!" बाकीच्या रोलमध्ये शोधलं, तर ते एकाच फोटोत सापडले, तेही पाठमोरे, हातात मठ्ठ्याची बादली. दिवाळीत ते झोपेतच गेले. सुखदाजवळ लग्नातला बापाचा चेहरा नाही, आणि याला कारण मी. त्या दिवसापासून स्वतःची लाज वाटत होती मला.

म्हणून ठरवलं, तिला जन्मभर पुरतील असे फोटो फुकट काढून द्यायचे. पत्र टाकलं. तो कोरा रोल मी जपून ठेवला होता. तो तिचाच होता, म्हणून कॅमेऱ्यात तोच घातला. या वेळी टोक तीनदा तपासलं.

रविवारी बरोबर सातला ती आली, सोबत नवरा पद्मनाभ. तो मूळ पुण्याचा, पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात इंजिनिअर. ती सॉफ्टवेअरमध्ये. माझ्या पत्राबरहुकूम निळी साडी, बारीक काठ. बांबूत सहा फोटो झाले. कोर्टाच्या भिंतीपाशी आठ.

"काका, तुम्ही एकदम प्लॅन करून आलाय," पद्मनाभ म्हणाला. "आमच्या वर्कशॉपमध्ये असं कुणी टाइम पाळत नाही."

"जावईबापू, सरका. सावली पडतीया तुमची."

नवाला तिला झाडाखालच्या बाकावर बसवलं. हनुवटी जरा खाली घे म्हणालो, तर तिने मान वर करून विचारलं, "काका, तो खराब झालेला रोल लॅबवाल्यांनी परत दिला का ओ?"

"कशाला?"

"काळा असला तरी द्या मला. बाबा आहेत त्याच्यात."

मी कॅमेरा डोळ्यापासून खाली घेतला. अजून दहा-बारा फोटो काढून रात्रीच्या गाडीने निघालो असतो, तर कुणाला काही कळलं नसतं. हरवला म्हणायला काय लागत होतं? पण एका खोट्यावर दुसरं चढवायला मी साडेतीनशे मैल आलो नव्हतो.

"सुखदा, लॅबनं काय बी केलं न्हाई. रोल सरकलाच नव्हता. मी नीट घातला नव्हता. तुझे बाबा त्याच्यात कुठंच न्हाईत. तोच रोल आत्ता ह्या कॅमेऱ्यात हाय."

ती म्हणाली, "दहा महिने मी त्या लॅबवाल्याला शिव्या घालतेय, काका."

"मला घाल."

ती उठली आणि ताडताड चालत फाटकाकडे गेली. पद्मनाभ माझ्यावर चिडला. "आजच सांगायची गरज होती का?"

"आज न्हाई तर परत माझ्याच्यानं झालं नसतं," मी म्हणालो आणि तिथेच उभा राहिलो. तिने कॅमेरा फोडला असता तरी मी हललो नसतो.

बऱ्याच वेळाने ती परत आली. डोळे कोरडे, आवाज कडक.

"कन्यादानाला माझी मान खाली होती. आईनं बजावलं होतं, वर बघायचं नाही. बाबा रडले का, मला माहीत नाही. फोटोत दिसेल म्हणून मी थांबले होते. तुम्ही बघत होता ना?"

"छत्तीस वेळा."

"मग सांगा. आता खोटं नको."

रडले म्हणालो असतो तर तिचं समाधान झालं असतं, आणि मीही सुटलो असतो.

"न्हाई रडले."

तिचा चेहरा पडला. पण मी थांबलो नाही. "मी खवळलो हुतो त्यांच्यावर. 'अप्पासाहेब, इकडं बघा, इकडं बघा' म्हणून माझा घसा बसला. भटजी पण म्हणाले, एकदा कॅमेऱ्याकडं बघा की. बघितलंच न्हाई. सगळा वेळ तुझ्याकडंच बघत हुते. रोल सरकला असता तरी एका बी फोटोत त्यांनी माझ्याकडं बघितलेलं नसतं."

सुखदा बाकावर बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. पद्मनाभ तिच्या शेजारी टेकला. मीही डोळे पुसले, लपवलं नाही.

"पहिल्यापासून सांगा," ती म्हणाली. "एकेक. छत्तीसच्या छत्तीस."

ऊन डोक्यावर आलं होतं. मी कॅमेऱ्याचं झाकण लावलं आणि तिच्यासमोर गवतात बसलो.

"पहिला, तू बोहल्यावर आलीस तवाचा," मी म्हणालो. "त्यांनी तुझ्या मुंडावळ्या सरळ केल्या. झाल्या सरळ, तरी हात तिथंच ठेवला हुता."