लाल पट्टीच्या तीन पिना

"ताई, उगाच वाद घालू नकोस. सीट एकच आहे आणि ती तुझी आहे," डबल म्हणाला.

"आणि तू?"

"मी संध्याकाळच्या विमानानं येतो, ड्यूटी संपवून. तोवर बाबा थांबतात बघ. हट्टी आहेत ते."

ताईला हसू आलं नाही. सकाळीच धाकट्या भावाचा फोन येऊन गेला होता. डॉक्टर म्हणाले होते, ज्यांना यायचं आहे त्यांनी आजच या. बाबा धाकट्याकडेच होते आणि त्याचं शहर गाडीनं गेलं तर दिवसभराच्या वाटेवर, विमानानं गेलं तर दुपारच्या आत. कर्मचाऱ्याच्या नातेवाइकाला मिळते तशी शेवटची रिकामी सीट डबलनं खटपट करून मिळवली होती. ताईच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत बाबांसाठी विणलेली लोकरीची टोपी. केस गेल्यापासून बाबांना डोक्याला गार लागायचं.

"माझा निरोप सांग," तो म्हणाला आणि काय निरोप ते न सांगताच कामावर गेला.

कुठलाही नट दोनदा तपासल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, म्हणून विमानतळावर त्याचं नाव डबल पडलं होतं. चिडवायला ठेवलेलं नाव पुढे इतकं अंगवळणी पडलं की बायकोसुद्धा कधीकधी त्याच नावानं हाक मारायची. बाबांनी मात्र ते कधीच मान्य केलं नाही. ते शेजारीपाजारी सांगत सुटायचे, "आमचा पोरगा विमानं उडवतो."

"बाबा, मी नुसती चाकं बघतो हो."

"चाकांवाचून उडतं का तुझं विमान? मग झालं तर!"

बाबा स्वतः विमानात कधी बसले नाहीत. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करता करता राहूनच गेलं.

ताईचं विमान आलं तेच उशिरा. उशीर भरून काढायला लगेच परत उडायचं होतं. डबल वाकून चाकांपाशी गेला तर ब्रेकची धग तोंडावर आली. मागच्या एका पायावर, म्हणजे चाकाच्या दांड्यावर, त्याला तेलाचा ओघळ दिसला. तो कुठून आला हे चाकं आत दुमडतात त्या वरच्या पोकळीत डोकं घालून बघावं लागणार होतं, आणि पिना लावल्याशिवाय तिथे डोकं घालायचं नसतं. ही पिन म्हणजे बोटभर जाडीची पोलादी खीळ, तिला लांब लाल पट्टी. ती पायात सरकवली की तो पाय काही केल्या दुमडत नाही. विमानाला पाय तीन, म्हणून पिना तीन. उड्डाणाआधी त्या काढायच्या, समोर उभं राहून हातात धरून कप्तानाला दाखवायच्या, त्यानं अंगठा वर केला की बाजूला व्हायचं.

पिना ज्यात असत ती त्यांची गाडी घेऊन ड्रायव्हर पाना आणायला गेला होता. डबलनं शेजारच्या गाडीतल्या पिना उसन्या घेतल्या, तिन्ही पायांत लावल्या आणि ओघळ तपासला. तेल जुनंच होतं, गळती नव्हती. ओघळ पुसला, पुन्हा पाहिला. तेवढ्यात फोन वाजला.

"दादा, बाबा विचारतायत कोण येतंय. देऊ त्यांना?" धाकटा म्हणाला.

मग नुसता श्वास ऐकू आला. बऱ्याच वेळानं बाबांचा आवाज, पार विझत आलेला.

"कोण?"

"बाबा, ताई येतेय. विमानात बसलीये, निघालंच आता."

"तूच उडवतोयस ना?"

आजवर कधी म्हणाला नव्हता ते तो म्हणाला.

"हो बाबा. मीच."

"मग येईल नीट," बाबा म्हणाले.

फोन ठेवून त्यानं बाहीनं डोळे पुसले. गाडी परत आली होती. वरून घाई चालली होती. गाडीच्या सीटवर लाल पट्टीच्या तीन पिना पडल्या होत्या. त्या पाहून त्याच्या मनानं घेतलं, की काम झालं. काढल्या आपण. काढल्याचं त्याला आठवतही होतं. वर्षानुवर्षं रोज केलेलं काम, त्यात आजचं कुठलं नि कालचं कुठलं हे हातांना कुठे कळतं? आयुष्यात पहिल्यांदा तो दुसऱ्यांदा बघायला गेला नाही. त्या तीन पिना उचलून तो विमानासमोर उभा राहिला आणि हात उंच करून त्यानं त्या दाखवल्या. काचेमागे कप्तानानं अंगठा वर केला. मागच्या कुठल्यातरी खिडकीत ताई असेल म्हणून डबलनं दुसरा हातही हलवला.

विमान उडालं.

"डबल, चाकं बाहेरच राहिली की," ड्रायव्हर आकाशाकडे बघत म्हणाला.

"ब्रेक तापलेत. वारा लागू दे म्हणून ठेवली असतील."

खरंच तसं करतात. तापलेली चाकं पोटात बंद केली तर आग लागायची भीती, म्हणून काही मिनिटं ती उघड्यावरच ठेवतात. वॉकीटॉकीवर तसा निरोपही आला: ब्रेक गार होईपर्यंत कप्तान चाकं आत घेणार नाहीत. सगळं रीतसर होतं. डबल बाटली काढून पाणी प्यायला.

तेवढ्यात शेजारच्या गाडीचा ड्रायव्हर आला.

"अहो डबल, आमच्या पिना द्या की. दुसरं विमान आलं."

"त्या काय, सीटवर."

त्यानं पिना उचलल्या, उलटसुलट केल्या आणि परत ठेवल्या. "ह्या तुमच्या. हा बघा ना, निळा दोरा."

मागे एकदा पट्ट्या फाटल्या तेव्हा डबलनं त्या घरी नेल्या होत्या. बायकोकडे लाल दोरा नव्हता, म्हणून तिनं निळ्यानं शिवल्या होत्या. डबल त्या टाक्यांकडे बघत राहिला. उसन्या पिना काळ्याकुट्ट झालेल्या होत्या, त्यांची पट्टी चिखलाच्या रंगाची. त्या कुठे आहेत हे या घडीला जगात फक्त त्याला ठाऊक होतं. विमान ठिपक्याएवढं झालं होतं. कप्तान ब्रेक गार व्हायची वाट बघत होता, ताई पोचायची वाट बघत होती आणि तिकडे बाबा ताईची. आपण एक शब्द बोललो की हे सगळं उलटं फिरणार. न बोलून भागणार नव्हतं. बाहेर लोंबत्या चाकांनी विमान तिथवर पोचलंच नसतं, इंधन त्याआधी संपलं असतं. हे सगळं कळत असूनही दोन-चार श्वास त्याच्या तोंडून आवाज फुटला नाही.

मग त्यानं वॉकीटॉकी उचलला. "पिना काढलेल्या नाहीत. तिन्ही. कप्तानांना सांगा, पाय पक्के आहेत, उतरताना काही भीती नाही. मी विसरलो. दाखवल्या त्या दुसऱ्या होत्या."

शेजारचा ड्रायव्हर खाली बघत निघून गेला.

विमान लगेच उतरू शकत नव्हतं. पोटात इंधन भरलेलं, तेवढ्या वजनानं उतरायची सोय नाही. ते जाळायला विमान वर घिरट्या घालत राहिलं. डबल गाडीच्या पायरीवर बसून होता. डोक्यावरून दर फेरीला ते जायचं, तिन्ही पाय खाली सोडलेले, आणि त्यातल्या एका खिडकीत त्याची बहीण. दुपार उलटल्यावर पुन्हा फोन वाजला तेव्हा त्याला उचलवेना. ड्रायव्हरनं उचलला, ऐकला आणि त्याच्या हातात दिला.

"दादा," धाकटा रडत होता. "ताई कुठवर आली?"

डबलनं वर पाहिलं. "इथेच आहे रे," तो म्हणाला.

शिफ्टचे साहेब तसे चांगले होते. "सहवैमानिकानंही विमानाभोवती फेरी मारली होती, त्यालाही दिसल्या नाहीत," ते म्हणाले. डबलला त्यानं कणभरही हलकं वाटलं नाही. साहेबांनी त्याचा पास काढून घेतला. "चौकशी होईल. तोवर कामावर येऊ नका. आत्ता जा, वडिलांना पोचवा."

ताई प्रवाशांच्या खोलीत पिशवी घट्ट धरून बसली होती. बाबा गेल्याचं तिला फोनवर कळलं होतं. त्यानं समोर उभं राहून सगळं सांगितलं, बसला नाही. पिना, फोन, निळा दोरा, सगळं.

ताईनं पिशवीतली टोपी चाचपली. मग म्हणाली, "खरं सांग. नीट गेले असते तर भेटले असते?"

खोटं बोलायला वाव होता. धाकट्यानं बाबा गेल्याची वेळ सांगितली होती, ती त्यालाच ठाऊक होती.

"हो ताई. भेटली असतीस."

तिनं तोंड फिरवलं. आसपासचे प्रवासी विमान कंपनीच्या नावानं बोटं मोडत होते, तिकिटांवरून भांडत होते. त्यांच्यात ही दोघं भावंडं संध्याकाळपर्यंत एका बाकावर, मध्ये पिशवी ठेवून बसली.

संध्याकाळच्या विमानात ताईनं त्याला खिडकीशी बसवलं. निघायच्या आधी विमान थोडं वळलं आणि बाजूला उभा असलेला मेकॅनिक दिसला, डबलच्या नंतरच्या शिफ्टचा. त्यानं हात उंच केला होता. हातात तीन लाल पट्ट्या फडफडत होत्या.

"काय दाखवतोय तो?" ताईनं विचारलं.

"पिना. काढल्या म्हणून."

"तूसुद्धा असंच दाखवलंस?"

"हो. अगदी असंच."

विमान जमिनीवरून सुटलं. डबल डोळे मिटून कान देऊन बसला. पायांखाली घरघर झाली आणि मग धप्पकन आवाज आला. शेजारच्या सीटवरची बाई दचकली.

"गेली आत?" ताईनं विचारलं.

"गेली."

ताईनं त्याच्या हातांकडे पाहिलं. तिनं पिशवीतून लोकरीची टोपी काढली आणि त्याच्या हातांत कोंबली.

"हे धर," ती म्हणाली. "घरी पोचलो की तू घाल त्यांच्या डोक्यावर. मला जमायचं नाही."