पंधरा मिनिटांत चार वाक्यं

मोठ्या बाईंनी पिशवीतून कागद काढला, गुडघ्यावर ठेवून त्याची घडी तळहातानं सपाट केली आणि हात वर केला. प्रशिक्षक ताईंचं वाक्य अजून पुरं व्हायचं होतं.

"शाळा सुरू होताना तुम्ही पालकांना काय सांगता, एवढंच मला आज..."

"वाचू का?" बाई म्हणाल्या, आणि उभ्याही राहिल्या.

सभागृहात बेचाळीस शिक्षक बसले होते. घरी वेगळी भाषा बोलणारी मुलं वर्गात असली तर त्यांना कसं शिकवावं, याचं हे तीन दिवसांचं प्रशिक्षण. बहुतेक जण हुकूम निघाला म्हणून आले होते. बाईही कागदोपत्री शिकायलाच आल्या होत्या; मनातून मात्र त्या शिकवायला आल्या होत्या. त्यांच्या वर्गात एकवीस मुलं आणि नऊ भाषा होत्या, आणि वर्ष सरेपर्यंत एकवीसच्या एकवीस मुलं शाळेची भाषा घडाघडा वाचायची. आसपासच्या एकाही शाळेला हे जमलं नव्हतं. मग बाईंची मान जरा ताठ असायची, तर त्यात नवल काय? उंची चार फूट दहा इंच, आणि तरी सगळा गाव त्यांना मोठ्या बाई म्हणायचा. ते नाव काही उगाच पडलं नव्हतं.

कागदावर एकच नियम होता. 'मुलांशी घरीसुद्धा शाळेच्याच भाषेत बोला. तुमची भाषा घरात नको.' कुणी 'कळलं नाही' म्हणायला नको, म्हणून बाईंनी तो खटपट करून नऊही भाषांत लिहून घेतला होता. अकरा वर्षं प्रत्येक पालकाच्या हातात त्या तो स्वतः देत आल्या होत्या.

वाचून झाल्यावर टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतले शिक्षणाधिकारी साहेब मागे वळून म्हणाले, "हा कागद आपण परवा छापायला देतोय. चाळीस शाळांत जाणार. आणि बाई, तुमच्या नावासकट बरं का."

बाई "माझं काय त्यात" असं काहीसं पुटपुटल्या, पण त्यावर त्यांचा स्वतःचाही विश्वास नव्हता.

ताई तेवढ्या टाळ्या वाजवत नव्हत्या. वयानं त्या बाईंच्या लेकीएवढ्या. केस आखूड, आवाज मऊ. त्यांनी विचारलं, "नियम दिल्यानंतर तुम्ही कधी कुणाच्या घरी गेलात, बाई?"

"जायची वेळच येत नाही. मुलं तयार होतात ना."

ताईंनी मान डोलावली आणि सगळ्यांना गृहपाठ दिला. आज संध्याकाळी वर्गातल्या कुठल्याही एका मुलाच्या घरी जायचं. पंधरा मिनिटं गप्प बसायचं. आई किंवा बाप मुलाशी जे बोलेल आणि मूल त्यावर जे बोलेल, ते सगळं लिहून आणायचं. मध्ये तोंड घालायचं नाही.

शेवटची अट बाईंना जड जाणार होती. बाकी गृहपाठ म्हणजे त्यांच्या हातचा मळ.

घर निवडायला त्यांना क्षणभरही लागला नाही. सुताराची मुलगी. वर्गात तिला सगळे 'घड्याळ' म्हणायचे, कारण दोन वर्षांत ती एकदाही उशिरा आली नव्हती. दोन वर्षांपूर्वी आली तेव्हा शाळेच्या भाषेतला एक शब्द येत नव्हता, आणि आता वाचनात पहिली. बोलायला लागली की तिला थांबवावं लागायचं. असं घर दाखवलं की ताईंचा प्रश्न जागच्या जागी मिटला असता.

सुताराचा कारखाना म्हणजे खाली एक लांबट खोली. वर राहायच्या दोन खोल्या, आणि त्यांना जाणारा लाकडी जिना कारखान्यातूनच. आई एका धुलाई केंद्रात कपड्यांना इस्त्री करायची, ती सातला यायची. तोवर मुलगी खालीच, बापाच्या कामाच्या टेबलाशेजारी अभ्यासाला बसायची. बाईंना पाहताच सुतारानं एक स्टूल फडक्यानं दोनदा पुसून पुढे ठेवलं. समोरच्या भिंतीवर बाईंचा कागद होता. त्याला चक्क चौकट केली होती, कोपरे इतके नेटके जुळलेले की सांधा शोधावा लागावा. बाईंना बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फारच बरं वाटलं.

त्यांनी येण्याचं कारण सांगितलं, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि वही उघडली.

"हात धू," सुतार मुलीला म्हणाला.

"धुतले."

तो एका फळीवर रंधा मारू लागला. लाकडाच्या ढलप्या गोल गोल होऊन खाली पडत होत्या. मुलगी लिहीत होती. बराच वेळ गेला.

"अभ्यास झाला?"

"झाला."

पुन्हा रंधा. मुलीनं एकदा मान वर करून बापाच्या हातांकडे पाहिलं. काहीतरी विचारायचं होतं तिला, बाईंना पक्कं ठाऊक होतं. हा चेहरा त्या रोज वर्गात पाहायच्या. पण तिनं विचारलं नाही, पुन्हा वहीत डोकं घातलं. सुतारानंही तिच्याकडे पाहिलं, ओठ हलले, आणि तो हसून नुसता फळी उलटी करायला लागला.

पंधरा मिनिटं संपली. बाईंच्या वहीत चार वाक्यं होती.

दारापर्यंत सोडायला आला तेव्हा सुतार शब्द वेचून वेचून बोलला. "बाई, नियम पाळतो. घरात आमची भाषा नाही. एकदाही नाही."

"आणि तुम्ही दोघं? नवरा-बायको?"

"जिन्यात," त्यानं बोट केलं. "वरचं दार लावून. हळू बोलतो. हिला ऐकू नको." त्याची छाती दोन इंच फुगली. "दोन वर्षं. चूक नाही."

"हिच्याशी मग काय बोलता?"

"मला येतं ते सगळं बोलतो, बाई." तो ओशाळून हसला. "थोडं येतं."

एरवी अशा वेळी बाई 'शाब्बास' म्हणायच्या. आज त्यांनी वही मिटून पिशवीत टाकली.

घरी आल्या तशा त्या पायांतल्या चपला न काढताच खुर्चीत बसल्या. पस्तीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला तेवढं पुरे होतं.

"काय गं, गृहपाठ अवघड गेला?"

बाईंनी वही पुढे केली. नवऱ्यानं चष्मा लावून चारही वाक्यं वाचली आणि पान उलटून पाहिलं.

"बाकीचं कुठंय?"

"एवढंच आहे."

मग बाईंनी जिन्याचं सांगितलं.

"कुणाला कळणार आहे?" नवरा म्हणाला. "दुसऱ्या कुणाच्या घरी जाऊन ये. जिथं बडबड आहे तिथं."

"आणि परवा तो कागद चाळीस शाळांत जाऊ दे?"

"तुझं नाक कापलं जाईल, त्याचं काय?"

"जाऊ दे. फार वर्षं वर धरलंय, मान दुखायला लागली."

नवरा हसला आणि चहा ठेवायला उठला. बाईंना हसू आलं नाही. अकरा वर्षं गुणिले एकवीस मुलं, असा हिशेब मनात नको म्हटलं तरी सुरू झाला होता, आणि प्रत्येक घराला त्या एक जिना जोडत होत्या.

दुसऱ्या दिवशी ताईंनी गृहपाठ वाचायला सांगितला. कुणी दोन पानं आणली होती, कुणी तीन. एका चित्रकलेच्या मास्तरांनी तर आजी आणि नातवाचं भांडण असं रंगवून वाचलं की सभागृह खो खो हसलं. मग बाई उठल्या. पुढे गेल्या, कारण उंचीमुळे मागून त्या कुणाला दिसत नसत. चार वाक्यं वाचायला किती वेळ लागणार?

"हात धू. धुतले. अभ्यास झाला? झाला," त्यांनी वाचलं. "पंधरा मिनिटांत एवढंच. माझ्या सगळ्यात हुशार मुलीच्या घरी."

कुणीतरी हसलं, बहुधा हा विनोद आहे असं वाटून. बाई थांबल्या.

"बाप माणूस म्हणून उत्तम आहे. मी दिलेला नियम त्यानं देवाच्या आज्ञेसारखा पाळला. त्याला शाळेच्या भाषेतली येतात किती, तर पन्नासेक वाक्यं. तेवढीच तो पोरीशी बोलतो, कारण बाकीची माझ्या नियमात बसत नाहीत. नवरा-बायको आपल्याच घरात चोरासारखे जिन्यात जाऊन बोलतात. मुलीला वाचता यावं म्हणून मी तिचा बाप गप्प केला. आणि वाचता तर तिला तसंही आलं असतं, ते मी शिकवतेच की."

बाई शिक्षणाधिकाऱ्यांकडे वळल्या.

"साहेब, तो कागद छापू नका."

"बाई, छापखान्याशी बोलणं झालंय..." साहेब गडबडले. "आणि तुमचे निकाल आहेत की. निकाल खोटे आहेत का?"

"निकाल माझ्या शिकवण्याचे आहेत, त्यात मी कुणाला हात लावू देणार नाही." हे म्हणताना मान पुन्हा ताठ झाली. "कागद चुकीचा आहे. चूकही माझीच आहे, दुसऱ्या कुणाच्या नावावर टाकू नका."

"मग आता करणार काय?" चित्रकलेच्या मास्तरांनी बसल्या जागेवरून विचारलं. टिंगल नव्हती त्यात.

"घरोघर जाणार. कागद हातानं दिला होता, हातानंच परत घेणार. या वर्षीची एकवीस घरं आधी."

मधल्या सुट्टीत ताई पाण्याचा पेला घेऊन त्यांच्याजवळ आल्या.

"मी तुम्हाला कालच सांगू शकले असते, बाई. घरची भाषा पक्की असली तर दुसरी भाषाही चांगली येते, आपल्या प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर आहे."

"सांगितलं असतंत तर मी ऐकलं असतं?"

"नसतं," ताई म्हणाल्या.

"मग झालं तर. तुमची शिकवायची पद्धत चांगली आहे." बाईंनी पाणी संपवून पेला परत दिला. चोवीस वर्षांत त्यांनी हे शब्द दुसऱ्या कुठल्याही शिक्षकाला ऐकवले नव्हते, आणि ताईंना ते कुठून तरी कळलं असावं, कारण त्या कानापर्यंत लाल झाल्या.

त्याच संध्याकाळी बाई कारखान्यात पोचल्या तेव्हा सुतार खुर्चीच्या पायाला पटाशीनं खाच पाडत होता. मुलगी नेहमीच्या जागी होती. बाई आज स्टुलावर बसल्या नाहीत.

"मी दिलेला नियम चुकीचा होता," भिंतीवरची कागदाची चौकट उतरवून घेत त्या म्हणाल्या. "हिच्याशी तुमच्या भाषेत बोला. रोज बोला, भरपूर बोला. शाळेची भाषा मी बघते."

सुताराला वाटलं आपल्याला नीट कळलं नाही. बाईंनी पुन्हा सांगितलं, सावकाश. त्यानं पटाशी खाली ठेवली. चेहऱ्यावरचं आदबीचं हसू हळूहळू गेलं.

"दोन वर्षं, बाई," तो म्हणाला.

"हो."

"हिची आजी गेली. मी हिला सांगितलं, आजी गेली. दोन शब्द. मला येतात तेवढे." तो थांबला. "आजी कशी होती, ते सांगायला नव्हते."

बाईंनी मान खाली घातली नाही. घालावीशी वाटत होती, पण या माणसासमोर उभं राहून ऐकणं एवढं तरी आपण केलंच पाहिजे, असं त्यांनी ठरवलं होतं.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "माफी मागायला आलेय."

तो बराच वेळ टेबलावरचा भुसा हातानं एका बाजूला लोटत राहिला. मग म्हणाला, "आता काय बोलू? कुठून?"

"हातात काय आहे, तिथून."

त्यानं खुर्चीचा पाय उचलला, त्याच्याकडे पाहिलं, आणि आपल्या भाषेत एक वाक्य बोलला. मुलीनं वर पाहिलंच नाही. तो पुन्हा बोलला, तेव्हा तिनं मान वळवून जिन्याकडे पाहिलं, आई आली का म्हणून. ती भाषा आपल्यासाठी नसते, हे पोरीनं इतकं मनाशी पक्कं केलं होतं.

मग सुतारानं तिला हाक मारली. घड्याळ नव्हे, हजेरीपटावरचं नावही नव्हे; तिसरंच काहीतरी छोटंसं नाव, बाईंनी कधी न ऐकलेलं. मुलीच्या हातातली पेन्सिल थांबली. तिनं बापाकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"बोल," बाई म्हणाल्या. "आता चालतं."

मुलगी उठून टेबलापाशी गेली. बापानं खाच दाखवली, काहीतरी सांगितलं. तिनं अडखळत एक शब्द विचारला. तो चुकला असावा, कारण त्यानं तो नीट करून सांगितला आणि तिनं म्हणून पाहिला. तिनं आणखी काही विचारलं. मग तो बोलायला लागला. हात हलवत, लाकूड फिरवत, मध्येच कुणाची तरी नक्कल करत, कमरेत वाकून, काठी टेकत चालणाऱ्या कुणा म्हातारीची. डोळे पुसत होता आणि नक्कलही थांबवत नव्हता. मुलगी आधी गंभीर होती, मग टेबलाला धरून हसायला लागली, मग तीही रडली, आणि परत 'पुढे?' अशा अर्थाचं काहीतरी म्हणाली.

बाईंनी दोन वर्षांपूर्वी आपल्या नोंदवहीत या माणसाबद्दल लिहिलं होतं, 'स्वभाव अबोल.' आणि हा तर बोलण्यात सगळ्या सभागृहाला पुरून उरला असता. बाईंना एक अक्षर कळत नव्हतं. मुलांचा अभिमान त्यांना चोवीस वर्षं वाटत आला होता. कुणाच्या बापाचा असा पहिल्यांदाच वाटत होता.

मुलीच्या लक्षात आलं की बाई नुसत्याच उभ्या आहेत. वर्गात नव्या मुलाला समजावून सांगताना ती जशी पुढे यायची, तशीच ती धावत आली.

"बाई, बाबा काय म्हणाले तुम्हाला सांगू?"

"नको," बाईंनी स्टूल ओढून घेतलं. "आधी त्यांचं सगळं सांगून होऊ दे."

अजून वीस घरं बाकी होती. बाई खाली बसल्या आणि ऐकत राहिल्या.