उपरोधात पैकीच्या पैकी

"अभिनंदन मॅडम. सर आता पूर्ण बरे झाले," डॉक्टर दिग्विजय म्हणाले. म्हणाले कॉम्प्युटरकडे बघून, त्यामुळे आधी मला वाटलं कॉम्प्युटरचंच काहीतरी बिघडलं होतं.

"कुठले सर?" मी विचारलं.

"आपले. ज्ञानदेव सर."

सर! माझा नवरा समोरच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसला होता. त्याच्याकडे एक नजर टाकायला पैसे पडत नव्हते. पण डॉक्टरांच्या केबिनच्या चारी भिंतींवर, फोटोंतून, डॉक्टरच होते: सेऊलमध्ये डॉक्टर, व्हिएन्नात डॉक्टर, गळ्यात बिल्ला अडकवून दात दाखवणारे डॉक्टर. इतकं बघायला असल्यावर पेशंटकडे कोण बघणार?

आमचं बुधवार पेठेत रेडिओ-टीव्हीच्या सुट्या भागांचं दुकान. राहायला खडकीला. गेल्या वर्षी दुकान बंद करून येताना संगमवाडीजवळ यांची स्कूटर घसरली आणि डोकं दुभाजकावर आपटलं. हेल्मेट होतं. डिकीत होतं. हेल्मेट घातल्यावर माणसाला स्वतःचे विचार ऐकू येत नाहीत, असं यांचं म्हणणं. आता ऐका म्हणावं.

तर मेंदूला मार लागला. ऑपरेशन झालं, बरेच दिवस शुद्ध नव्हती, मग हात हलला, मग शब्द आले, मग चालायला लागले. ज्या सर्जननी डोकं उघडून पुन्हा नीट मिटलं त्यांच्यापुढे मी आजही हात जोडते. तो माणूस दोन वाक्यांच्या वर बोलत नाही. तक्रार त्यानंतरच्या मंडळींबद्दल आहे. पुनर्वसनवाले. त्यातही हे दिग्विजय.

आधी आमचे हे कसे होते ते सांगते. गिऱ्हाईक विचारायचं, "काका, हा रिमोट चालेल ना?" हे मान वर न करता म्हणायचे, "चालणार नाही. त्याला पाय नाहीत. बटण दाबलंत तर टीव्ही लागेल." लोक चिडायचे आणि पुढच्या वेळी मित्राला घेऊन यायचे. घरीही तेच. भाजी खारट झाली की घास गिळून शांतपणे म्हणायचे, "थोडी वरच्या मजल्यावर पाठव. त्यांच्याशी पार्किंगचं भांडण अजून मिटलेलं नाही." मग मी म्हणायची, "पाठवते की. तुमच्या आईची कृती आहे, सांगू ना?" असा आमचा संसार. कुणाला भांडण वाटायचं. वाटू दे.

अपघातानंतर हे गोड झाले. अगदी श्रीखंडासारखे. नातेवाईक आले आणि म्हणाले, "स्वभाव किती निवळला गं ज्ञानदेवचा!" यांच्या बहिणीनं तर देवापुढे पेढे ठेवले. मला कळायला थोडा वेळ लागला. एकदा यांच्या हातून दूध उतू गेलं. ओटा, शेगडी, खालची फरशी, सगळीकडे दूध. मी म्हटलं, "वा! काय सुरेख काम केलंत. आता रोज असंच करा." दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर हे गॅससमोर उभे. पातेल्यातून दूध भसाभसा वर येतंय, खाली सांडतंय, आणि हे माझ्याकडे बघून हसताहेत. शाबासकीची वाट बघत होते हो. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

शब्द सगळे कळतात. त्यामागचं काही कळत नाही. घरात मी जीभ आवरली. कशी आवरली ते माझं मला माहीत. पण अख्ख्या पुण्याच्या जिभेला कोण आवरणार? मंडईजवळ रस्ता ओलांडताना एका रिक्षावाल्यानं करकचून ब्रेक मारला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "या काका, या. सावकाश या. घाई काय आहे, रस्ता आपलाच आहे." झालं! यांनी त्याला मान लवून नमस्कार केला आणि खरोखरच सावकाश निघाले. पलीकडून बस येत होती. मी कॉलर धरून मागे ओढलं म्हणून. शर्टाची दोन बटणं तुटली, आणि हे मलाच म्हणाले, "अगं, त्यांनी जा म्हटलं होतं."

इस्पितळात ऋतुजा म्हणून एक थेरपिस्ट मुलगी होती. तिला हे सांगितल्यावर तिनं भाषण दिलं नाही, आलेख काढला नाही, यांना घेऊन सरळ रस्त्यावर गेली. दर आठवड्याला बाजारात नेऊन लोकांची बोलणी ऐकवायची. "काका, अनोळखी माणूस एकदम फार आदरानं बोलायला लागला की थांबायचं. पाय उचलायचा नाही. आधी बघायचं तो चिडलाय का." हे शिकत होते. कासवाच्या गतीनं, पण शिकत होते. भाजीवालीनं एकदा "घ्या साहेब, कुस्करून घ्या टोमॅटो, आपलेच आहेत" म्हटल्यावर यांनी हात मागे घेतला. त्या दिवशी मी ऋतुजाला घरी बोलावून जेवायला घातलं.

आणि आता हे दिग्विजय म्हणत होते, बरे झाले. बरे झाले म्हणजे फाईल बंद. फाईल बंद म्हणजे ऋतुजा बंद. वर दाखला मिळणार की ज्ञानदेव सर एकटे दुकान चालवू शकतात, एकटे रस्त्यावर फिरू शकतात, स्कूटरसुद्धा चालवू शकतात.

"डॉक्टर, यांना टोमणा कळत नाही," मी म्हटलं.

"कळतो मॅडम. उपरोधाच्या चाचणीत सरांना पैकीच्या पैकी आहेत." आणि त्यांनी ती चाचणी मला दाखवली.

काय सांगू! परदेशात केलेली चाचणी, इथे तिचं मराठी करून व्हिडिओ काढलेले. एक बाई एका माणसाला म्हणते, "वाऽऽऽ, काय सुंदर शर्ट आहे!" म्हणताना डोळे गरागरा फिरवते, ओठ मुरडते, कमरेवर हात ठेवते. खाली प्रश्न: बाईंना शर्ट खरोखर आवडला आहे का? अहो, आमच्या दुकानाच्या पायरीवर झोपणाऱ्या मांजरानंही 'नाही' म्हटलं असतं.

"डॉक्टर, पुण्यात असं कुणी बोलतं का?" मी विचारलं. "इथे टोमणा मारताना चेहरा हलत नाही. आवाज खाली येतो आणि 'अहो-जाहो' वाढतं. तुमची बाई तोंड वेंगाडते म्हणून यांना ओळखू आलं. रिक्षावाला तोंड वेंगाडत नाही."

"मॅडम, ही प्रमाणित चाचणी आहे. अनेक देशांत वापरली जाते."

"आणि पुण्यात?"

"पुण्यात सर पहिलेच," ते अभिमानानं म्हणाले.

म्हणजे चाचणी पुण्यात चालते की नाही ते यांच्यावरून ठरवायचं, आणि हे बरे झाले की नाही ते चाचणीवरून. धन्य आहे. मी हटून बसले तेव्हा ते म्हणाले, थेरपी वाढवायची की नाही हे इस्पितळाच्या समितीच्या अध्यक्षा ठरवतात. शनिवारी परिषद आहे, त्या येणार आहेत, सरांची केस मांडायची आहे, तुम्हीही दोन शब्द बोला. मी लगेच हो म्हटलं. त्या बाईंपुढे सरळ सांगायचं: यांना ऋतुजा हवी आहे, नाहीतर हा माणूस एक दिवस कुणाच्या तरी चाकाखाली जाईल. एवढंच.

परिषद मोठ्या हॉटेलात. दाराशी फलक: 'मेंदूची दुखापत आणि पुनर्वसन: संशोधनातील नवे प्रवाह'. प्रत्येकाला एक पिशवी, पिशवीवर गुलाबी मेंदू छापलेला, आत पेन आणि बिस्किटं. सकाळभर प्रवाह वाहत होते. डोळ्यांना चष्मे लावून पेशंटला खोट्या बागेत फिरवायचं. मनगटाला पट्टा बांधून त्याची झोप मोजायची. यंत्राला विचारायचं की हा माणूस सुधारेल का. एकानं सांगितलं की जगभरात या विषयावरचे निबंध कसे वाढत चाललेत, आणि टाळ्या झाल्या. पेशंट किती सुधारले ते कुणी विचारलं नाही. चहाच्या वेळी मात्र सगळे वेळेवर उठले.

जेवणाआधी दिग्विजय उभे राहिले. पडद्यावर वर वर जाणारी रेघ, तिच्या टोकाला एक हिरवा ठिपका. "हे ज्ञानदेव सर," ठिपक्याकडे बोट करून ते म्हणाले. हे माझ्या शेजारी बसले होते. यांनी ठिपक्याला हात केला.

आम्हाला व्यासपीठावर बोलावलं. अध्यक्षा पहिल्या रांगेत, पांढरे केस, चष्म्यातून नीट बघणाऱ्या. मला बरं वाटलं. या ऐकून घेतील. मी माइक हातात घेतला आणि दिग्विजय माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, "मॅडम, प्लीज, पॉझिटिव्ह ठेवा हं. रेकॉर्डिंग चाललंय."

बस्स. माझं डोकंच फिरलं.

"डॉक्टरसाहेब," मी म्हटलं, आवाज खाली आणून, चेहऱ्यावरची रेघ न हलवता, "आपण थोर आहात. इतर डॉक्टर बिचारे पेशंटला तपासत बसतात. आपण माझ्या यजमानांकडे एकदाही न बघता त्यांना बरं केलंत. ही विद्या सगळ्यांना साधत नाही. यांना रस्ता ओलांडता येत नाही, पण पडद्यावरच्या बाईंनी तोंड वाकडं केलेलं अचूक ओळखता येतं, आणि पुण्याच्या रहदारीत नेमकं तेच उपयोगी पडतं. आपल्यासारख्यांच्या हाती संशोधन आहे म्हणून आम्ही निश्चिंत आहोत. आमचं काही का होईना, आपली रेघ वरच जाणार."

मागच्या रांगेतून पहिलं हसू फुटलं. मग मधून, मग सगळीकडून. पुण्यातले डॉक्टर होते, त्यांना सांगावं लागलं नाही. अध्यक्षा रुमालानं डोळे पुसत होत्या. आणि दिग्विजय? दिग्विजय छातीवर हात ठेवून झुकले. त्यांना वाटलं, प्रेमानं हसताहेत! खोटं का बोलू, मला त्या क्षणी फार गार वाटलं. आता त्यांच्या लक्षात येईल, आता अध्यक्षा विचारतील, आता यांच्याकडे कुणीतरी बघेल.

तेवढ्यात यांनी माझ्या हातातला माइक घेतला. यांचे डोळे भरून आले होते.

"आमची ही कुणाचं सहसा कौतुक करत नाही," हे अगदी गंभीरपणे म्हणाले. "डॉक्टर, आपण खरोखरच मोठे असणार."

सभागृह हशानं दणाणलं. लोक खुर्च्यांच्या पाठी बडवायला लागले. कुणीतरी ओरडलं, "वा काका! क्या बात है!" मी हात हलवत होते, नाही, नाही, तसं नाही, हे मनापासून म्हणताहेत. पण माइक यांच्याकडे होता, आणि टोमण्यावर टोमणा ऐकल्याच्या आनंदात माझं कोण ऐकणार? चेहरा हलला नाही, आवाज खाली, 'अहो-जाहो' पुरेपूर. ज्यांना ज्यांना पुण्याची भाषा येत होती त्या एकूण एक शहाण्यांनी तो टोमणाच मानला.

खाली उतरल्यावर मी अध्यक्षांना गाठलं. यांना काहीही कळलेलं नाही, ऋतुजाचे तास चालू ठेवा, मी हात जोडून सांगितलं. त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. "अहो, तुमची जोडी म्हणजे कमाल आहे. मी इतकी वर्षं पेशंट बघते, असा हजरजबाबीपणा धडधाकट माणसात नसतो. चाचणीचं सोडा, मी माझ्या कानांनी ऐकलं ना!" आणि दिग्विजयांना म्हणाल्या, "केस बंद करा. यांची जागा दुसऱ्या कुणा गरजूला द्या."

दुसऱ्या कुणा गरजूला. माझ्याच जिभेनं माझ्याच नवऱ्याचा घास काढून घेतला, आणि वर लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आम्ही बाहेर आलो. भर दुपारची वेळ, समोर रस्ता तुडुंब वाहत होता, कुणी थांबायला तयार नाही. मी यांचा हात धरून कडेला उभी राहिले. हे लाजल्यासारखं करून म्हणाले, "किती छान बोललीस गं तू त्यांच्याबद्दल. माझ्याबद्दलही बोल ना कधी असं."

वाकडं बोलायला बंदी होती आणि सरळ बोलायची सवय नव्हती. शेवटी जे मनात होतं तेच बाहेर आलं.

"तुम्ही मला फार आवडायचात," मी म्हटलं.

"थँक यू," हे म्हणाले, आणि खूश होऊन रस्त्याकडे बघायला लागले.