फिकट निळं बटण

"आत्या, दिवसभर चौकोन रंगवत बसण्यात मजा ती कसली गं?"

भिंगरीने एका दमात विचारून टाकलं. वर्गातल्या टोळीने हे विचारून दाखवायची पैज लावली होती, आणि पैजेतून मागे हटेल ती भिंगरी कसली! वक्तृत्वाची ढाल मिळाल्यापासून तर तिच्या जिभेला हाडच उरलं नव्हतं.

आत्या तिच्या ऑफिसातल्या एका खोलीतले दिवे मालवत होती. समोर भिंतभर काच. इकडून तिकडचं दिसायचं, तिकडून इकडचं नाही.

"बघ आता. आज तुझ्या चौकोनाची परीक्षा आहे."

आत्या मोबाइल अ‍ॅपमधली पानं आणि बटणं आखायची. आत्याचं नवं अ‍ॅप एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी होतं. पडलं-झडलं तर बटण दाबायचं, मदत येते. ते बटण बघून भिंगरीने नाक मुरडलं होतं. "शी, केवढा तो लाल धोंडा! बघूनच धडकी भरते. फिकट निळं कर, नाजूक." आत्याने खरंच करून पाहिलं होतं.

काचेपलीकडे चाचणीसाठी बोलावलेले एक आजोबा येऊन सतरंजीवर आडवे झाले.

"समजा, तुम्ही पडलात," आत्या माइकमधून म्हणाली. "चष्मा लांब उडालाय. मदत बोलवा." आणि तिने माइक बंद केला.

आजोबांनी मोबाइल डोळ्यांशी नेला, मग लांब धरला. भलतंच पान उघडलं. "आमच्या हिला लगेच सापडलं असतं," ते हसले. अंगठा निळ्यावरून दोनदा सरकून गेला. मग हसू थांबलं. स्पीकरमधून नुसता त्यांचा श्वास ऐकू येऊ लागला.

भिंगरी दाराकडे धावली. आत्याने तिचं मनगट धरलं.

"सोड ना! खाली डावीकडे आहे, एवढंच सांगते."

"त्यांच्या घरी तू असणार आहेस का?"

भिंगरी पुन्हा काचेकडे वळली. आता तिला सतरंजी दिसेना. कुणाच्या तरी स्वयंपाकघरातली गार फरशी दिसत होती, आणि बंद दार.

आजोबांनी मोबाइल छातीवर ठेवला. "राहू दे, बाई. मी आपला पडून राहतो."

आत्याने दिवा लावला. तिचे डोळे लकाकत होते.

"सापडली! लोकांच्या हातात जायच्या आत चूक सापडली!"

"हसतेस काय? मी मारलं असतं त्यांना."

"माझा लाल धोंडा गेल्या वेळी एका आजींनी जाहिरात समजून टाळला होता. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता माझ्या." आत्याने काचेकडे बोट केलं. "पण ते बघ."

आजोबा उठून बसले होते. कुणाकडे तरी चहा मागत होते, वर साखर जास्त.

संध्याकाळी भिंगरी घरी आली. टोळीचे मेसेज टिणटिणत होते, तिने उघडले नाहीत.

"काय गं, पैज हरलीस वाटतं?" आईने विचारलं.

"बाईसाहेबांचं तोंड बंद! शब्दांचं दिवाळं निघालं की काय?" बाबा म्हणाले.

भिंगरीने दोघांकडे नीट पाहिलं. बाबांच्या कानांवरचे केस कधी पांढरे झाले?

"आई, बाबा, मी ठरवलंय. ते बटण मीच नीट करणार," ती म्हणाली. "आता चष्मे काढा, आणि दोघंही खाली झोपा."